बारावी नळी

“एक संच दुसऱ्या इमारतीत ठेव,” निवृत्त होताना प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या होत्या. “जिवंत वस्तूला वैऱ्यापेक्षा माया करणारा महाग पडतो.” तिने हो-हो केलं आणि ती विसरून गेली.

आज सकाळी ते वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं.

फ्रीजमध्ये बारा नळ्या होत्या. प्रत्येकीत नुसत्या पाण्यात निजवलेलं यीस्ट. सहा वर्षं खपून तिने घडवलेलं वाण. असं उपाशी ठेवलं की ते महिनोन्महिने जगतं, म्हणून स्टँडवर तिनेच ठळक लिहिलं होतं : ‘उपाशी’. सोमवारी पावाच्या कारखान्याची माणसं ते न्यायला येणार होती. मिळालं नाही तर प्रयोगशाळेला टाळं.

मुलाच्या तापापायी ती चार दिवस घरी होती. आल्याआल्या तिने एक थेंब काढला, निळा रंग घातला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेलेली पेशी निळी होते. सगळा थेंब निळा. दुसरी नळी निळी. अकरावीपर्यंत सगळ्या निळ्या.

बारावीचं झाकण हलेना. तिनेच ते करकचून आवळलं होतं, पाळणाघरातून फोन आला त्या दुपारी. शेवटी पकडीने उघडलं.

पेशी जिवंत होत्या.

सहकारी दारात उभा होता. “फ्रीज बंद पडला होता?” तिने विचारलं.

“तापमानाची नोंद बघ. काटा जागचा हललेला नाही. आणि माझ्याकडे असं बघू नकोस. दुसरीकडे नोकरी शोधतोय म्हणून तुझं घर नाही जाळणार.”

“फ्रीजची किल्ली तुझ्याकडे होती.”

“काकांकडेही होती. त्यांनाही घे फैलावर.”

काका म्हणजे इथले जुने मदतनीस. सुट्टीवर जाताना तिनेच त्यांना म्हटलं होतं, “जरा लक्ष ठेवा.”

तिने नळ्या उजेडात धरल्या. अकरा नळ्यांतलं पाणी बोटभर चढलं होतं. बारावीतलं होतं तिथेच. टेबलाच्या पायावर मुंग्यांची रांग होती.

काका खिडकीपाशी चहा पीत होते. शेजारी साखरेचा डबा रिकामा पडला होता.

“काका, आज बिनसाखरेचा? तुम्ही तर चार चमचे घेता.”

“संपली.”

“बारावं झाकण उघडलं नाही ना तुमच्याच्याने?”

“हाताला जोर नाही उरला, पोरी. ती एक तशीच राहिली उपाशी. मला फार वाईट वाटलं.”

सहकारी हबकला. “पण साखर तर यीस्टचं खाणं. खाण्याने कोण मरतं?”

“आपण चंबूत घालतो त्यात साखरेबरोबर बाकी सगळं असतं,” ती म्हणाली. “इथे नुसतं पाणी. उपाशी पेशी सगळं आवरून, दारं लावून निजते. साखर लागली की तिला वाटतं, सुगी आली. ती दारं उघडते, चूल पेटवते, वाढायला निघते. पण अंग बांधायला घरात दुसरं काहीच नसतं. मग ती चूल तिलाच जाळते. काही तासांत. नुसत्या पाण्यात जगली असती.”

“मी साखरपाणी उकळून घेतलं होतं,” काका म्हणाले. “झाकणं पुसली होती. तू लिहिलं होतंस ना, उपाशी. तुझं बाळ आजारी. म्हटलं, हिची ही लेकरं तरी...”

तिला रागवायचं होतं. तिने बारावी नळी सगळं खाणं असलेल्या चंबूत ओतली. सोमवारपर्यंत पुरेशी वाढेल का, कोण जाणे. मग तिची नजर काकांच्या मनगटावर गेली. घड्याळाच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं. काकू गेल्यापासून त्यांचा डबा कुणी पाहिला नव्हता.

“काका, काल काय जेवलात?”

“जेवलो की.”

“काय?”

“चहा घेतला. बिस्किटं होती.”

“आणि परवा?”

काकांनी कप खाली ठेवला. तिने आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, विचारलं की “जेवलो की” म्हणणारं. फोनवर विचारू नका. आज जा, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी उघडून बघा.