बाहेरची कडी

मधे कुणी बोलायचं नाही. धाकट्या, तू तर मुळीच नाही. ही काही वाचलेली गोष्ट नाही, आमच्या फुटपट्टीवर गुदरलेली आहे. फुटपट्टी म्हणजे आपला सुतार रे. उंच, सडपातळ, म्हणून ते नाव पडलं. थापा मारणारा माणूस नाही तो. जन्मात एकदाच खोटं बोलला, ते पुढं येईलच.

डिसेंबरची तेरा तारीख, मंगळवार. रात्री साडेनऊला त्याला मास्तरांचा फोन आला. "ती कडी आजच काढून टाक बाबा. तिच्याकडं बघत आणखी एक रात्र माझ्याच्यानं काढवणार नाही."

कडी फुटपट्टीनंच बसवली होती. मास्तरांची बायको नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. पस्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, तीन मुलं वाढवली, नातीचे तर ती सगळे लाड पुरवायची. मला टायफॉइड झाला तेव्हा घरचे पेंगले, ही मात्र उशाशी बसून होती. त्या बाईवर माझा फार जीव होता, सांगायला लाज कसली.

उतारवयात ती विसरायला लागली. नवऱ्याचं नाव विसरली, ड्यूटी मात्र विसरली नाही. रात्रीचे दहा वाजले की केस विंचरायचे, बूट घालायचे आणि निघायचं. दोनदा हमरस्त्यावर सापडली, ट्रकसमोर उभी. शेवटी लेक म्हणाली, बाबा, तिच्या खोलीला बाहेरून कडी लावून घ्या. मग मास्तर रोज दहाला कडी लावायचे, कानातलं मशीन काढायचे आणि झोपायचे. एका सकाळी दार उघडलं तर सिस्टर दाराशीच पडलेली. केस विंचरलेले, पायात बूट.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मास्तरांना मात्र एकच गोष्ट आतून खात होती. तिनं आपल्याला हाक मारली असेल का?

फुटपट्टी गेला. मास्तर बाहेर खुर्ची टाकून बसले, मशीन कानात. यानं चार स्क्रू काढले, कडी खिशात टाकली. कडी बसवताना घाईत त्यानं लांब स्क्रू वापरले होते, त्यांची टोकं आतल्या बाजूला आली होती. त्यांच्यामुळं फळीचे ढलपे निघालेत का, ते बघायला तो खोलीत शिरला. दार मागं लोटलं गेलं.

आणि बाहेरून कडी लागली.

आवाज ओळखीचा. खट्. त्यानं खिशात हात घातला... कडी खिशातच होती.

दार ओढलं. हलेना. खांदा लावला, पाय लावला. चाळीस वर्षं दारं करणारा माणूस, पण ते दार त्याला जुमानेना. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. "मास्तर, दार उघडा." दोन्ही हातांनी दार बडवलं. घसा बसेस्तोवर ओरडला. मास्तर हातभर अंतरावर होते.

शेवटी तो दाराशीच खाली बसला. छाती धडधडत होती. इथंच ती पडली होती, हे त्याला बसल्यावर आठवलं...

खाट करकरली.

पावलं आली. बुटांची. हळू. त्याच्या शेजारी थांबली.

त्याच्या डोक्याच्या वर कुणीतरी दार वाजवलं. अगदी हलकेच. घरच्यांची झोपमोड नको, असं.

"अहो..."

मग काही नाही.

"अहो, उशीर होतोय मला..."

बाहेर शांत.

"अहो..."

यानं डोळे मिटले. अंधारात त्याचं मनगट कुणीतरी धरलं. गार बोटं. आवळलं नाही, ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं... मिनिटभर. त्याची छाती हळूहळू शांत झाली.

दार उघडलं.

मास्तर खुर्चीतच होते. "किती मुकाट्यानं काम करतोस रे," ते म्हणाले. "एवढा वेळ आत होतास, चाहूलसुद्धा लागली नाही." मग घुटमळले. "कडी तू बसवलीस, तुलाच विचारतो. दाराआडून हाक मारली, तर बाहेर ऐकू येते ना रे?"

"येते की, मास्तर," फुटपट्टी म्हणाला. "त्यांनी मारलीच नसेल."

मास्तरांचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी आभार मानायला याचा हात हातात घेतला. आणि तसाच धरून ठेवला. हात दिव्याखाली नेला. बराच वेळ बघत राहिले.

"तिनं नाडी बघितली तुझी," ते म्हणाले.

उठले, तिच्या खोलीत गेले आणि दार आतून लोटून घेतलं.

फुटपट्टी पहाटेपर्यंत बाहेर बसून होता. आतून काही ऐकू आलं नाही. येणार नव्हतंच.

त्याच्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटांएवढे पांढरे डाग आहेत. ओळीनं. डॉक्टरांना दाखवून झालं, मलमं लावून झाली. मी स्वतः हात लावून पाहिलाय. भर उन्हातसुद्धा तेवढी जागा गार लागते.