तिसऱ्या वळणावर थांबलेला जुस्तिनु

शेकोटीजवळ सरका सगळे. आणि अझेविदु, तो मोबाईल खिशात घाल आधी. वीज यायची तेव्हा येईल, तुझ्या बॅटरीने गावाचा अंधार जाणार नाही.

मी सुतार माणूस. मला भुतंखेतं दिसत नाहीत, लाकूड दिसतं आणि लाकडातली गाठ दिसते. तेव्हा आज सांगतोय ते अबिलियुच्या बाबतीत घडलेलं आहे, माझ्या नाही. शेवटचं तेवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्याला खोटं वाटेल त्याने उद्या शाळेत जाऊन जेनोवेवाबाईंना विचारावं. ती खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ती मारते, पण खोटं बोलत नाही.

दोन हजार सतरा साल. ऑगस्टची एकोणतीस तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी मतदान-दिनाची सुट्टी होती. नव्याण्णव साली ज्या दिवशी रांगा लावून मतं देत आपण जावाहून आलेल्या परक्या लष्कराला एकदाचं ‘निघा’ म्हणून सांगितलं, तोच दिवस. त्याच दिवशी आपल्या मुलाला माती द्यायची असं अवो ओलांदिनाने ठरवलं होतं. अवो म्हणजे काय, सगळ्या गावाची आजीच होती ती. ही जेनोवेवा तिची धाकटी लेक आणि जुस्तिनु थोरला मुलगा.

आठवडाभर आधी म्हातारीने मला बोलावून घेतलं. म्हणाली, “साडेपाच फुटांची पेटी कर.”

मी म्हणालो, “अवो, आत ठेवायचाय दगड. त्याला साडेपाच फूट कशाला?”

“माझा मुलगा पाच फूट तीन इंच होता. दगड काय, आडवातिडवा कसाही झोपेल.”

मी माप लिहून घेतलं.

ज्याची हाडं मिळाली नाहीत त्याचं आपल्याकडे काय करतात, ते तुम्ही पाहिलंय. तो जिथे गेला त्या जागी रक्ताच्या माणसाने जायचं, तीन वेळा नावाने हाक मारायची. तिसऱ्या हाकेला तिथला दगड उचलून आईने विणलेल्या ताईसच्या कापडात बांधायचा आणि घर येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो असेल त्या जागी तिसरी हाक फुकट गेली, तर त्या माणसाला पुन्हा कधीच बोलावता येत नाही. ओलांदिनासाठी आधी दोनदा दगड आणले होते. एक तुरुंगाच्या अंगणातून, एक समुद्रकाठावरून. म्हातारीने दोन्ही वेळा दगड मांडीवर घेतला आणि परत दिला. “हा नुसता दगड आहे,” म्हणाली. “नऊ महिने उचललंय मी त्याला. मला त्याचं वजन कळत नाही होय?”

आता खरी गोष्ट ऐका. जुस्तिनु डोंगरातल्या आपल्या लढणाऱ्या पोरांचे निरोप पोचवायचा. ब्याण्णव सालच्या मार्चमधे, भर पावसाळ्यात, एका रात्री तो निरोप घेऊन निघाला आणि गेला तो गेलाच. प्रेत नाही, पत्ता नाही. त्याच आठवड्यात लष्कराने डोंगरातले दोन अड्डे जाळले. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. गाव म्हणालं, जुस्तिनुने पोरांना विकलं आणि जावाला पळाला. कोंबड्यांच्या झुंजीच्या जागी, चारचौघांत मीही हसत हसत म्हणालो होतो की तो तिकडे मोटारीतून फिरत असेल. त्याची आई तिथून पाण्याचा डबा घेऊन चालली होती. तिने ऐकलं. आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

चर्चसमोरच्या स्मारकावर लढ्यात गेलेल्यांची एकोणीस नावं आहेत, त्यात जुस्तिनु नव्हता. आणि अबिलियु, जो जुस्तिनुबरोबरच निरोपांची कामं करायचा, त्याला मात्र सरकारचं पदक होतं. दर समारंभाला छातीवर लावून पहिल्या रांगेत बसायचा.

त्या मंगळवारी संध्याकाळी फादर येऊन म्हातारीला मरणापूर्वी लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. तिने अबिलियुला उशाशी बसवून घेतलं. “तो ज्या रस्त्याने गेला, त्या रस्त्यावरनं आणायला हवा त्याला. तुम्ही एका कामातले. जेनोवेवाला घेऊन जा.”

अबिलियुने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “खालच्या रस्त्याला तिसरं वळण आहे... तिथे असेल कदाचित.”

“म्हणजे पंचवीस वर्षं हे तुमच्या दातात अडकलं होतं का, माऊन?” जेनोवेवा म्हणाली. माऊन म्हणजे दादा खरा, पण ती ज्या सुरात म्हणाली त्यात दादा कमी होता.

“अंदाज आहे, माना,” तो म्हणाला. आपण ताईला म्हणतो तसं.

“अंदाजाने मी बाजारात टोमॅटोसुद्धा घेत नाही. चला.”

साडेनऊला दोघं त्याच्या मोटरसायकलवर निघाली. सात किलोमीटरचा उतार, एका बाजूला कॉफीचे मळे, दुसऱ्या बाजूला दरी. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे कोरडे दिवस, डोंगरात थंडी मरणाची. जेनोवेवा मागून बोलत होती. ब्रेक लागतो का, की तेही अंदाजाने? अबिलियु हसला नाही. एरवी तो तिच्या प्रत्येक टोमण्यावर हसायचा.

तिसऱ्या वळणावर कमरेएवढं वाळलेलं गवत आहे. आकाशात अर्धा चंद्र होता, मावळतीला टेकत आलेला. जेनोवेवाने रस्त्याच्या कडेला विड्याचं पान आणि सुपारी ठेवली, मेणबत्ती लावली. वारा नव्हता. ज्योत सरळ उभी होती.

तिने पहिली हाक मारली.

“जुस्तिनु! घरी चल. आई वाट बघतेय.”

रातकिडे थांबले. सगळे एकदम.

आणि गवतात सळसळ झाली. कुणी उठल्याची नाही. उभा असलेला माणूस झटकन आडवा व्हावा, तशी.

“कुत्रं असेल,” जेनोवेवा म्हणाली.

तिने दुसरी हाक मारली.

“जुस्तिनु! मी आहे रे, जेनोवेवा!”

या वेळी दहा पावलांवर गवत दबताना दिसलं. माणसाच्या लांबीएवढं. दबलं आणि दबूनच राहिलं. ज्योत हललीसुद्धा नाही. कुणीतरी श्वास रोखून धरलाय, एवढंच कळत होतं.

तिने तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं. अबिलियुने तिचा हात धरला.

“नको.”

“सोडा. एकच हाक उरलीय.”

“म्हणूनच नको. तो उठणार नाही. त्या नावाला नाही.”

“म्हणजे?”

त्याने सांगितलं. थांबत थांबत. निरोप नेणाऱ्यांचा नियमच होता तो. रात्री रस्त्यावर कुणी घरच्या नावाने हाक मारली की समजायचं, शिपायांनी घरचं माणूस धरून आणलंय आणि त्याच्या तोंडून हाक मारवतायत. मग आडवं व्हायचं. आईचा आवाज असला तरी. बहिणीचा असला तरी. कामातल्या नावाने हाक आली तरच उठायचं. आणि निरोप घेणारा येईपर्यंत जागा सोडायची नाही.

“मग त्या नावाने बोलवते. काय होतं ते?”

अबिलियुने तिचा हात सोडला.

“माऊन. नाव काय होतं?”

त्याने मान फिरवली. आणि मग तिच्या लक्षात आलं. तीही त्याच काळातली होती. ते नाव फक्त एकाच माणसाला माहीत असायचं. त्या रात्री निरोप घ्यायला जो यायचा असेल, त्याला.

“तुम्ही होतात,” ती म्हणाली.

“वळणावर लष्कराचा ट्रक उभा होता, माना. मी एकोणीस वर्षांचा... माझी पाचावर धारण बसली. कॉफीच्या मळ्यातनं परत फिरलो. वाटलं, तोही जाईल निघून.”

“नियम तुम्हाला माहीत होता.”

“हो.”

“मग?”

“उजाडेपर्यंत थांबला तो. मी वरून बघत होतो. उजेड झाल्यावर त्याला... नेलं.”

चंद्र डोंगराआड गेला. तिने आम्हाला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्याला दरीत ढकलावा असं वाटलं होतं. तिने ढकलला नाही. नुसती म्हणाली, “हाक मारा.”

हाक मारली की संपलं, हे त्याला कळत होतं. पदक संपलं, पहिली रांग संपली, गावात मान वर करून चालणं संपलं. आणि नाही मारली तर हा इथेच. कायमचा.

अबिलियुने दोन दगड उचलले. एकमेकांवर वाजवले, त्यांच्या ठरलेल्या खुणेसारखे.

टक. टक. टक.

“लाकु.”

पहिल्यांदा नुसते ओठ हलले. लाकु म्हणजे उदमांजर, रात्रीचं हिंडणारं.

“लाकु... मी आलो.”

काही नाही.

काही नाही...

मग गवत उठलं. एका माणसाएवढं. हळूहळू. सरळ उभं राहिलं.

रस्त्याच्या खडीवर पावलं वाजली. रबरी चपलांची. फट... फट... मेणबत्तीपाशी थांबली. ऑगस्टची कोरडी रात्र, आणि ओल्या कपड्यांचा वास आला. पावसात रात्रभर उभं राहिल्यावर येतो तसा.

समोर कुणी नव्हतं.

जेनोवेवा खाली वाकली. पावलं थांबली होती तिथला दगड उचलला. ताईसमधे गुंडाळला. गाठ मारली. दोघांनी मागे पाहिलं नाही. गाडी सुरू केली.

मागून पावलं.

अबिलियुने वेग वाढवला. पावलं मागे पडली. जेनोवेवाने त्याच्या पाठीवर थाप मारली. हळू.

मग पहिल्या गिअरमधे. माणसाच्या चालीने. सात किलोमीटरचा चढ.

फट... फट... फट...

पुलाशी समोरून एका ट्रकचे दिवे आले. पावलं थांबली. यांनी गाडी थांबवली. ट्रक गेला. अंधार झाला. दोघं तशीच बसून. एक मिनिट. दोन...

फट.

तेव्हा जेनोवेवा रडायला लागली. तोंडावर हात धरून, आवाज न करता.

आम्ही अंगणात जागत बसलो होतो, पत्ते कुटत. दोन वाजून दहा मिनिटांनी गाडीचा दिवा दिसला. माणूस गाडी ढकलत आणेल त्या वेगाने येत होती. माझा साडू म्हणाला, “पेट्रोल संपलं वाटतं पदकवाल्याचं.” सगळे हसले. मग आम्ही अबिलियुचा चेहरा पाहिला आणि कुणी हसलं नाही.

म्हातारीला उठवून बसवलं. जेनोवेवाने गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. ओलांदिनाने गाठ सोडली नाही. दोन्ही हात खाली घातले, जरा उचललं, परत ठेवलं. डोळे मिटलेले. आम्ही दारात उभे. मला वाटलं, आता तिसऱ्यांदाही ‘नाही’ म्हणणार.

“किती वाळलाय,” ती म्हणाली.

आणि मग तिने जो टाहो फोडला, तो खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला.

अबिलियुने सगळ्यांसमोर गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. ट्रक, मळा, उजाडलेलं, सगळं. खिशातून पदक काढून म्हातारीच्या चटईवर ठेवलं. अंगणातले दोघं-तिघं मुठी वळून पुढे सरकले. ओलांदिनाने हात वर केला.

“तुझं उद्या बघू,” ती त्याला म्हणाली. “आज माझा मुलगा घरी आलाय.”

रीतीप्रमाणे आतल्या खोलीत चटईवर दगड ठेवला, शेजारी नवी पँट, नवा सदरा. पायथ्याशी निळ्या रबरी चपला. जेनोवेवाने त्या मंगळवारी सकाळीच बाजारातून आणल्या होत्या, किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. म्हातारी एकटी त्याच्याजवळ बसली. दार लोटून घेतलं. दारासमोर आम्ही बाराजण बसलो होतो, त्यामुळे आत कुणी गेलं नाही, बाहेर कुणी आलं नाही. हे मी चर्चमधेसुद्धा सांगेन.

उजाडल्यावर हातोडी आणि खिळे घेऊन मी आत गेलो. त्या म्हातारीच्या पोराबद्दल चारचौघांत काय काय बोललो होतो ते एकेक आठवत होतं. दगड पेटीत ठेवला. सदरा ठेवला, घडी तशीच होती. पँट ठेवली. मग चपला उचलल्या.

पट्ट्यांत गवताची कुसळं अडकली होती. पट्टे ओले होते. किमतीची चिठ्ठी होती, पण घासून घासून आकडा गेलेला. मी एक चप्पल उलटी केली. टाचेला भोक पडलं होतं. मी बोट घातलं तर पलीकडून बाहेर आलं. दुसरीचंही तसंच.

मी म्हातारीकडे पाहिलं. तिने माझ्या हातातून त्या चपला काढून घेतल्या, पदराने पुसल्या.

“ह्या पेटीत घालू नकोस,” ती म्हणाली. “आता त्याला कुठे चालत जायचंय?”

मी झाकण ठोकलं. जेनोवेवाच्या घरी दाराच्या आत एका खिळ्याला त्या चपला अजून आहेत. खिळा मीच ठोकलाय. उद्या उजेडी जा आणि टाचेत बोट घालून बघा.