पाणिग्रहण

डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या तालमी रविवारी दुपारी चालायच्या. हीटर लावला की ओल्या कोटांचा वास सुटायचा. शेजारच्या खोलीत आयरिश नाच शिकणाऱ्या मुलींचे बूट खाडखाड वाजत असायचे. नाटक जुनं, शोकान्त. सेनापती राजकन्येशी लग्न करतो आणि तिच्या वडिलांचा गड त्याला मिळतो. त्याला ती हवी होती की गड, या संशयानं ती विष घेते. राजकन्या मी होते. सेनापती माझा नवरा, अभिजित.

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. यंत्रावर जे उमटत नाही ते घडलंच नाही, असं मानायची माझी सवय. म्हणून हे सांगणं मला जड जातं.

शेवटच्या अंकात राजकन्या मरता मरता विचारते, "नाथ, माझं पाणिग्रहण आपण का केलंत?" त्यावर सेनापती म्हणतो, "प्रिये, तुझ्या नेत्रांत मला माझं घर दिसलं."

एका रविवारी तालमीत मी हे विचारलं. अभिजितनं माझा हात हातात घेतला आणि सावकाश म्हणाला, "तुला डब्लिनची नोकरी लागली होती. मला कुणी व्हिसा देत नव्हतं."

मी उठून बसले.

"अगं मुक्ता, मेलीयेस ना तू? झोप!" दिग्दर्शिका शोभनाताई समोरून ओरडल्या. "अभिजित, ग्रँड. अगदी आतून आलं."

कुणालाच वेगळं काही ऐकू आलं नव्हतं. शोभनाताईंचे यजमान पुरुषोत्तमराव तालीम फोनवर रेकॉर्ड करत होते. चहाच्या वेळी मी ती पाहिली. अभिजित नाटकातलंच वाक्य बोलत होता, शब्द न् शब्द. मी दमलेय, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी मी त्याच्या ओठांकडे नीट पाहत राहिले. ओठ 'नेत्रांत' म्हणत होते, 'घर' म्हणत होते. आवाज मात्र वेगळंच सांगत होता.

"निधीला थांब म्हणून आलो होतो. पासपोर्ट झाला की परत येतो म्हटलं."

त्याचा आयरिश पासपोर्ट नुकताच आला होता. मंडळात पेढे मीच वाटले होते.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी विचारलं, "निधी कोण?"

वायपर फिरत राहिले. सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तरी गाडी हलेना.

"तुला कुणी सांगितलं?" अभिजित म्हणाला.

'कोण निधी?' असं तो म्हणाला असता, तर मी अजूनही विश्वास ठेवला असता. मी काचेतून बाहेर पाहत बसले.

नाटक सोडून देता आलं असतं. पण मला उरलेलं ऐकायचं होतं.

प्रयोग शनिवारी दुपारी झाला. हॉल भरला होता. बहुतेक जोडपीच, पुण्यामुंबईची, नागपूरची. मी विष घेतलं, पडले, आणि विचारलं, "नाथ, माझं पाणिग्रहण आपण का केलंत?"

अभिजितनं माझा हात हातात घेतला.

"प्रिये, तुझ्या नेत्रांत मला माझं घर दिसलं."

एवढंच. मी वाट पाहिली. दुसरं काही आलं नाही.

मग अंधारात एक बाई नवऱ्याला म्हणाली, "हा तर तुमचा आवाज," आणि तिनं हुंदका दाबला. मागे कुणाची तरी खुर्ची सरकली. आणखी एक.

पडदा पडला. टाळ्या झाल्या, पण जाड हातांच्या. पुरुषांच्याच.

मेकअप पुसून मी बाहेर आले. पावसाची भुरभुर सुरू होती. पार्किंगमधून एकेक गाडी निघत होती. शोभनाताईंना मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही.

पुरुषोत्तमराव गाडी चालवत होते. शेजारची सीट रिकामी होती. शोभनाताई मागे बसल्या होत्या.

त्यांच्या मागच्या गाडीतही नवरा पुढे एकटाच होता. त्याच्या मागच्या गाडीतही.