दुमडलेलं टोक

सोमवारी सकाळी सुलेखाताईंनी स्टोअरचं बिनकुलपाचं कपाट उघडलं, तर गॅस मीटरच्या जागी नुसता चार्जर लोंबत होता.

मीटर म्हणजे या कामाचा जीव. विषारी वायू नाही असं त्यानं सांगितल्याशिवाय खड्ड्यात उतरायचं नाही, हा पहिला धडा. लष्करी छावणीपलीकडच्या या केंद्रात सुलेखाताई तुरुंगातून सुटलेल्या माणसांना रसायनांनी नासलेली जमीन साफ करायला शिकवत. आज त्यांची परीक्षा. परीक्षक अकराला येणार, आणि मीटर नसेल तर परीक्षाही नाही.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," स्टोअर सांभाळणारे काकासाहेब म्हणाले. "तरी मी म्हणत होतो."

रविवारी सगळे आपापल्या घरी गेले होते. वसतिगृहात दोघंच उरले होते. एक भिकन, शेतातल्या मोटारी चोरल्या म्हणून आत गेलेला. दुसरे मोतीराम, जन्मठेप भोगून आलेले, सगळ्यांचे बाबा. काकासाहेबांनी दोघांच्या पिशव्या उलट्या केल्या, गाद्या झटकल्या. काही निघालं नाही. फाटकाला तर कालपासून आज सकाळपर्यंत कुलूप होतं.

काकासाहेबांनी पोलिसांना लावायला फोन काढला. सुलेखाताईंनी अकरापर्यंत थांबायची विनंती केली. आज पौर्णिमा. त्यांनी उपोसथाचं, म्हणजे उपवासाच्या दिवसाचं, अष्टशील घेतलं होतं; खोटं न बोलणं हा त्यातला एक नियम. खात्री नसताना कुणाचं नाव तोंडातून काढणं त्यांच्यानं होईना.

भिकन अंगात कामाचा पांढरा संरक्षक सूट चढवून पायरीवर बसला होता. बाह्यांवर चिकटपट्टी गच्च दाबून बसवलेली.

"काल घरी का गेला नाहीस?"

"माय येणार हाय आज कन्नडहून. परीक्षा बघायला. मग कशाला जायचं?"

"स्टोअरकडं गेला होतास?"

"नाय." त्यानं बाहीवरची पट्टी आणखी दाबली. "ताई, माझ्या नावानं तक्रार गेली तर ठेकेदार कामावर घेईल का मला?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मोतीराम आंघोळ करून पडवीत बसले होते. त्यांची गादी, ताट, तांब्या सगळं जागच्या जागी होतं. बाकीच्यांनी शनिवारीच सामान बांधून ठेवलं होतं. आज वसतिगृह रिकामं व्हायचं होतं.

"बाबा, काही ऐकलंत काल?"

"काय ऐकणार? आम्ही दोघंच. तो लौकर झोपला."

"तुम्ही?"

"मला झोप कुठं येती."

सुलेखाताई मागच्या आवारात गेल्या. विकायला नेणारा चार्जर का ठेवील? आणि फाटक बंद, म्हणजे वस्तू आतच. पण कुठं? जिथं कुणी हात घालणार नाही तिथं. भिंतीकडेला लाल खुणेची चार पिंपं होती. वापरलेले, विष लागलेले सूट त्यांत भरून शनिवारी सगळ्यांसमोर भिकननंच ती बंद केली होती. झाकणांवरची चिकटपट्टी सपाट दाबली म्हणून मोतीराम त्याची चेष्टा करत होते: "लेका, टोक दुमडून ठेव. हातमोज्यातल्या बोटांना ते सापडाया नको? उद्या मला सुटातून फाडून काढशील." सगळे हसले होते.

त्यांनी एकेक पिंप निरखलं. शेवटच्यापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग तिघांना बोलावलं, हातमोजे चढवले आणि झाकण उघडलं. वरच, नव्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत नीट गुंडाळलेला मीटर. कुठं ओरखडा नाही.

"बघा, याच्याच पिंपात," काकासाहेब म्हणाले.

"पिंप त्याचं, पट्टी त्याची नाही." सुलेखाताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "शनिवारी चारही पट्ट्या सपाट होत्या. हिचं टोक दुमडलेलं होतं. पिंप पुन्हा उघडून कुणीतरी बंद केलं. तुम्ही पट्टी दातानं तोडता, काकासाहेब, टोकाचं तुम्हाला ठाऊकही नाही. भिकनच्या बाह्या बघा, आजही विसरलाय. चोरी करतानाही ज्याच्या हातानं दुसऱ्याची सोय बघितली, असा इथं एकच माणूस आहे. आणि त्याला मीटर नको होता. त्याला आजचा दिवस नको होता."

मोतीराम जमिनीवर उकिडवे बसले, तुरुंगात गिनतीला बसतात तसे.

"मोडला नाय मी," ते म्हणाले. "पिंपं न्यायला गाडी यायच्या आत काढून ठेवणार होतो. परीक्षा चार दिवस पुढं गेली असती, बस. याला न्यायला माय येती. सगळ्यांना कुणी ना कुणी हाय. मला फाटकाबाहेर गेल्यावर कुठं वळायचं, तेच कळंना. पोरावर जाईल हे ध्यानातच नाय आलं."

काकासाहेबांनी फोन खिशात ठेवला आणि मीटर चार्जरला लावायला ते स्टोअरकडं गेले.

सुलेखाताईंना उस्मानपुऱ्यातली आपली खोली आठवली. पहाटे बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावताना घरात स्वतःच्याच बांगड्या तेवढ्या वाजतात. उपोसथाचं जेवण बाराच्या आत उरकायचं असतं, आणि एकटीला घास उतरत नाही, म्हणून त्या डबा इथंच आणत. आज परीक्षेआधी माझ्यासोबत डबा खायला बसा, एवढंच त्यांनी मोतीरामांना सांगितलं. पुढचं काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

फाटकाशी बानाबाई, भिकनची माय, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. भिकननं तिच्याकडं पाहिलं, मग मोतीरामांकडं. मग त्यानं बाह्यांवरची पट्टी ओरबाडून काढली आणि दोन्ही हात पुढं केले.

"बाबा, तुम्हीच लावा. मला अजून जमत नाय."

मोतीरामांनी दोन्ही बाह्यांवर नवी पट्टी गुंडाळली. आणि टोक दुमडलं.