एकाहत्तर सालची पुरवणी

“उठा, उठा! तुम्ही अठ्ठावन्न सालावर बसलायत!”

मी एवढ्या जोरात ओरडले, की तो टुणकन उभाच राहिला. मागे वळून बघितलं, तर सुतळीने बांधलेला गठ्ठा – एकोणीसशे अठ्ठावन्नची सरकारी राजपत्रं.

“सॉरी... मला वाटलं स्टूल आहे.”

“स्टुलाला कोणी सुतळी बांधतं का?”

“आम्ही वकील काहीही बांधून ठेवतो,” तो म्हणाला, आणि हसला.

ठाण्याला, विद्यापीठाच्या उपकेंद्रातल्या विधी ग्रंथालयात मी नोकरीला लागून तेव्हा वर्ष झालं होतं. एका जुन्या वकिलांच्या घरच्यांनी त्यांचा सगळा संग्रह आम्हाला दिला होता. साठ गठ्ठे! ते एकेक सोडायचे, धूळ झाडायची, फाटलेली पानं पातळ कागदाने जोडायची आणि प्रत्येकावर शिक्का मारून दाखल क्रमांक द्यायचा... हे माझं काम.

त्याचं नाव देवेश. डोंबिवलीचा, ठाणे कोर्टात एका बड्या वकिलांचा ज्युनिअर. त्याला एकाहत्तर सालच्या राजपत्राची एक पुरवणी हवी होती. सगळीकडे शोधून झालं होतं, कुठेच नव्हती.

“असली तर या गठ्ठ्यांतच असेल,” मी म्हटलं. “पण मी क्रमानेच जाते.”

“अठ्ठावन्न ते एकाहत्तर... म्हणजे मला रोज यावं लागणार.”

“असं मी म्हटलं नाही हं.”

“मी म्हणतोय ना!”

आणि तो खरंच येत राहिला. कोर्ट सुटलं की यायचा, काळा कोट खुर्चीला लटकवायचा आणि माझ्यासमोर बसून सुतळीच्या गाठी सोडवायचा. माझे हात कोपरापर्यंत मळलेले असायचे, म्हणून कपाळावर आलेली बट तो लांबूनच फुंकर मारून उडवायचा. “धूळ होती,” म्हणायचा. बासष्ट साल संपेपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याला देवी बघायला गेलो. गर्दीत त्याने माझा हात धरला... आणि मी तो धरू दिला. मला बोलण्याचा उत्साह चढला होता. मी आमच्या मानपाड्याकडच्या गावाबद्दल सांगत सुटले. आमची जमीन कशी कारखान्यासाठी म्हणून घेतली, कारखाना कधी झालाच नाही, आता तिथे टॉवर उभे राहणार आहेत. बाबा आणि गावातले अकराजण गेली अठरा वर्षं कोर्टात भांडतायत, की जमीन घेण्याची जाहीर नोटीस कधी छापलीच नव्हती.

“बाबा अजून रोज सकाळी त्या बांधावर जाऊन बसतात,” मी म्हटलं.

देवेशने हात सोडला. मला वाटलं, गर्दीमुळे सुटला.

नोव्हेंबरात एका दुपारी ती पुरवणी सापडली. मी आनंदाने पान उघडलं. आमच्या गावाचं नाव. सर्व्हे नंबर. खाली जमीनमालकांची यादी, आणि त्यात चौथं नाव – धाकू सहदेव मढवी.

माझा आज्या.

नोटीस छापलेली होती.

संध्याकाळी देवेश आला, तेव्हा मी ते पान त्याच्यासमोर उघडून ठेवलं.

“तू त्या टॉवरवाल्यांच्या बाजूने आहेस?”

त्याने मान डोलावली.

“कधीपासून माहीत होतं तुला, की मी कोण?”

“टेंभी नाक्याला कळलं. त्याआधी नाही... शपथ! अर्धं गाव मढवी आहे, मला कसं कळणार?”

“महिना झाला त्याला, देवेश.”

त्याने इकडेतिकडे बघितलं. हळूच म्हणाला, “याला दाखल क्रमांक दिलास?”

“अजून नाही.”

“मग कोणालाच माहीत नाही. तू लेखी दे, पुरवणी उपलब्ध नाही म्हणून. विषय संपला.”

एक क्षण मला भरून आलं. माझ्यासाठी एवढं करायला निघालाय! मग म्हटलं, “तूच सांग ना तुझ्या सरांना, सापडली नाही म्हणून.”

“मी वकील आहे गं. असं उघडकीला आलं तर माझी सनद जाईल.”

“आणि माझं काय जाईल?”

त्याने पुरवणी माझ्याकडे सरकवली.

“म्हणून महिनाभर तोंड उघडलं नाहीस? मी आपणहून लपवीन म्हणून?”

“मला वाटलं... आपल्या माणसांसाठी तू एवढं करशील.”

मी शिक्का उचलला आणि पुरवणीवर मारला. क्रमांक लिहिला. अक्षर नीट आलं. आमच्या ग्रंथपाल दर्शना मॅडमची सही घेऊन प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली. नको म्हणाला नाही.

घरी बाबांना मीच सांगितलं. ते ओटीवर बसले होते.

“आज्याचं नाव हाय त्यात?”

“आहे, बाबा.”

“तुलाच गावला व्हय गो बाय, ह्यो कागद...”

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसते थांबले. मार्चमध्ये निकाल लागला. गाव हरलं. बांधावर पत्रे ठोकले गेले.

एप्रिलमध्ये देवेश आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

“सरांचं ऑफिस सोडलं मी. आता आपल्यामध्ये काहीच नाही. लग्न करशील माझ्याशी? मी बाबांच्या पाया पडतो, सगळं खरं सांगतो...”

किती वाटलं, हो म्हणावं! त्याच्या आवाजाने आतून हलले मी.

“केस हरलो त्याचा राग नाही,” मी म्हटलं. “पान खरंच होतं. पण तू महिनाभर रोज समोर बसलास, हसलास, आणि माझ्या घराचं पान माझ्याच हातून शोधून घेतलंस. उद्या पुन्हा काही अवघड आलं, की तू असाच गप्प बसशील, आणि करावं मला लागेल.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर, कल्पिता.”

“माहितीये. माझंही आहे... अजून. जा तू.”

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं थोडा वेळ थांबली. मी हाक मारली नाही.

घरी आले, तर बाबा एकटेच ओटीवर होते. मी शेजारी बसले आणि त्यांना सांगून टाकलं – एक मुलगा होता, टॉवरवाल्यांच्या वकिलांकडचा. आज त्याला नाही म्हटलं.

बाबांनी पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“चांगला व्हता का गो?”

“हो, बाबा. चांगला होता.”

 ते उठले, आत जाऊन आईला म्हणाले, “बायला जेवाया वाढ. दमून आलीय ती.”

तेव्हा मी रडले.