शेवटचा रकाना

बसा. गाडी मध्येच बंद पडते म्हणालात, तर आधी चहा घ्या. घाई करून हा बिघाड सापडत नाही. आणि हो, मी आता गिऱ्हाइकाला वही देत नाही. पूर्वी द्यायचो. का बंद केलं ते विचारताय म्हणून सांगतो.

मी रतन. मुलुंडला तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. कायम बंद पडलेली गाडी सोपी असते. अवघड ती, जी रस्त्यात बंद पडते आणि गॅरेजमध्ये आणली की शहाण्यासारखी चालते. अशा गाडीच्या मालकाला मी दोनशे पानी वही द्यायचो. बंद पडली की लिहायचं : तारीख, वेळ, जागा, इंजिन गरम की थंड, गियर कुठला, पाऊस होता का, सोबत कोण. आणि शेवटचा रकाना, त्या क्षणी नेमकं काय चालू होतं. कोणी म्हणतं काच खाली करत होतो, कोणी म्हणतं पंखा लावला. बिघाड बहुतेक वेळा त्याच रकान्यात सापडतो.

पाटकर साहेबांना मी हीच वही दिली.

नंदकुमार पाटकर. पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. गाडी चौऱ्याण्णव सालची, पॉइंटवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जुन्या जोडावर चालणारी. तसल्या गाडीचे पॉइंट घासून बसवणारी माणसं मुंबईत आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यातला एक मी. त्यांच्या मिसेसना, उत्तरा वहिनींना दम्याचा त्रास होता. गाडी होती ती त्यांच्यासाठीच. कधीही हॉस्पिटलात न्यावं लागेल म्हणून.

एका बुधवारी मी त्या गाडीचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. गुरुवारी दुपारी वहिनींना अटॅक आला. साहेब गाडी काढायला खाली गेले, वीस मिनिटांनी वर आले आणि शेजाऱ्यांना म्हणाले, गाडी सुरूच होत नाही. मग कोणीतरी रिक्षा आणली. रिक्षा सिग्नलपर्यंतसुद्धा पोचली नाही, वहिनी गेल्या.

संध्याकाळी तीच गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. म्हणजे बिघाड मधूनच येणारा. म्हणजे काम माझं. साहेबांनी तेराव्याला वीस माणसांसमोर सांगितलं, "रतनने आदल्या दिवशी हात लावला आणि माझी बायको गेली."

मी मान खाली घालून उभा होतो. कंडेन्सर नवा होता, पण नवासुद्धा फुसका निघतो. पॉइंटचा स्क्रू घट्ट केला होता ना मी? केला होता. नक्की? आठ महिने मी रोज स्वतःला तेच विचारत होतो. या हातांनी एका बाईचा जीव घेतला का, एवढंच मला कळायला हवं होतं. जेवण जात नव्हतं. माझी बायको शीतल म्हणायची, "अरे विसर ना आता." असं विसरता येतं का?

आठ महिन्यांनी साहेब स्वतः गाडी घेऊन आले. "तूच बिघडवलीस, आता तूच दुरुस्त कर. कुठेही बंद पडते. तिघांनी हात टेकले." मी नाही म्हणालो नाही. बिघाड सापडला तर उत्तर सापडणार होतं. वायरी तपासल्या, कॉइल बदलली, काही निघेना. म्हणून वही दिली.

साहेब सरकारी शिस्तीचे. रकाना रिकामा ठेवायचा नाही, जे विचारलं ते भरायचं, ही आयुष्यभराची सवय. तीन आठवड्यांनी वही आली, लाल शाईने रेघा मारलेली. नऊ नोंदी. घाटकोपर, पवई, जोगेश्वरी, एकदा सोसायटीच्या फाटकातच. गरम, थंड, पहिला गियर, चौथा गियर. कशाचा कशाला मेळ नाही. मग शेवटचा रकाना वाचला.

'मेव्हणी शर्मिष्ठा सोबत. उत्तराच्या शेवटच्या दिवसाविषयी विचारले. सांगितले.'

'सेक्रेटरी श्यामसुंदर सोबत. त्यांनी विचारले. गाडी सुरू झाली नव्हती असे सांगितले.'

'विमा कंपनीचा फोन. तीच माहिती दिली.'

नऊच्या नऊ. आणि नववी नोंद अशी : 'एकटा. मनाशी तेच म्हणत होतो.'

नऊही वेळा गाडी त्याच वाक्यावर बंद पडली होती. साहेबांनी सवयीने सगळं खरं लिहिलं होतं, पण लिहिलेलं परत वाचलं नव्हतं. मी वही बंद केली. बिघाड माझ्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. म्हटलं, बघू.

रविवारी दुपारी ट्रायलला निघालो. चालवायला मी, शेजारी साहेब. कॉइलच्या वायरीला टेस्ट लॅम्प जोडून तो डॅशबोर्डवर चिकटवला होता. साधा बल्ब हो. किल्लीकडून कॉइलला करंट जातोय तोवर पेटलेला राहतो. गाडी बंद पडताना बल्ब विझला तर दोष किल्लीकडचा, पेटलेला राहिला तर पुढचा.

हायवेने विक्रोळी, तिथून लिंक रोड. चाळीस मिनिटं गाडी अशी चालली, की नवी वाटावी. पवईच्या चढावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, त्या गुरुवारी नेमकं काय झालं होतं?"

"कितीदा सांगायचं? गाडी सुरू झाली नाही."

बल्ब विझला. इंजिन गप्प.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी कडेला घेतली. किल्ली चालूच होती, बॅटरी ठीक होती. किल्ली फिरवली, लगेच सुरू. शंभर पावलं गेलो.

"किती वेळ मारली होती किल्ली?"

"दहा मिनिटं तरी. सुरूच..."

विझला.

या वेळी मी किल्लीला हात लावला नाही. गाडीत वास आला. नीलगिरीचं तेल. काचा बंद होत्या, बाहेर डंपरचा धूर, आणि आत हा वास. मग मागच्या सीटवरून बारीक शीळ ऐकू आली. आधी वाटलं कार्ब्युरेटर हवा ओढतोय. पण इंजिन बंद होतं. शीळ यायची... थांबायची... परत यायची. तुमच्या घरात दमेकरी असेल तर तुम्हाला तो आवाज माहीत असेल.

समोरचा बल्ब त्या श्वासासोबत मंद होत होता आणि उजळत होता.

साहेबांनी मागे पाहिलं नाही. त्यांची बोटं गुडघ्यात रुतली होती.

"साहेब," मी हळूच म्हणालो, "किल्ली फिरवली होती का?"

"रतन, गाडी काढ इथून..."

"फिरवली होती का?"

श्वास माझ्या मानेजवळ आला. मानेवर गार लागलं.

"...नाही."

बल्ब लख्ख पेटला. कोणी हात न लावता इंजिन सुरू झालं.

मग साहेब बोलत राहिले, समोर बघत. "खाली उतरलो. गाडीत बसलो. दार लावलं. आणि काहीच ऐकू येईना रे... पंधरा वर्षं रोज रात्री तिचा तो श्वास ऐकत होतो. म्हटलं, पाच मिनिटं बसू. किल्ली हातातच होती. मग पाचाची दहा झाली... मग वर गेलो."

म्हणजे माझे हात स्वच्छ होते. मला हलकं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. संतापाने माझं डोकं भणाणलं. आठ महिने! तेराव्याला वीस माणसांसमोर!

मुलुंडला त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या शटरवाल्या गॅरेजमध्ये गाडी लावली. उतरताना साहेब म्हणाले, "हे बाहेर जाऊ देऊ नकोस. उद्या अकराला भंगारवाला बोलावतो. विषय संपला."

"आणि माझं नाव?"

त्यांनी दार लावलं. "तुझ्या नावाला काय फरक पडतो रे? तू वायरमन."

मी गाडीच्या पुढे गेलो. बॉनेट उघडून रोटर काढून घेतला. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली बोटभर तुकडा असतो तो. तो नसला की प्लगपर्यंत करंट पोचतच नाही, गाडी देवाच्या बापाकडूनही सुरू होत नाही. म्हटलं, सकाळपर्यंत कोणाच्या जिवाला घोर नको. रोटर खिशात घातला आणि घरी आलो.

सोमवारी दहाला मी तिथे पोचलो. भंगारवाल्याला गाडी उघडून द्यायची होती. आवार रिकामं, माणसं कामाला गेलेली. गॅरेजचं शटर खाली होतं. आत इंजिन चालू होतं.

एकसुरी, गोड. तीस वर्षांत एवढं साफ चाललेलं इंजिन मी ऐकलं नव्हतं. मी खिशात हात घातला. रोटर खिशातच होता.

शटरच्या खालच्या फटीतून धूर येत होता. आणि आतून कोणीतरी पत्र्यावर हात आपटत होतं. "कोण आहे?... उघडा... शटर अडकलंय..."

साहेबांचा आवाज. शेवटचं बघायला म्हणून आत गेले असावेत. शटर अडकलं नव्हतं. बाहेरून कडी लागलेली होती, कुलूप नव्हतं. कडी कोणी लावली, मला आजही ठाऊक नाही. एका बोटाने सरकली असती.

माझं बोट कडीवरच होतं.

"रतन? तूच ना... रतन, उघड रे..."

मी तेरावा आठवला. वीस माणसं आठवली. साहेबांच्या श्वासाला आता शीळ येत होती, अगदी तशीच. नीलगिरीचा वास माझ्या नाकाशी होता. कोणीतरी माझ्या खांद्यालगत उभं राहून माझ्याबरोबर ऐकत होतं, याची मला शपथेवर खात्री आहे. हात आपटणं मंदावलं. मग नखांचा आवाज. मग तोही नाही.

किती वेळ गेला? घड्याळ मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

फाटक वाजलं. शर्मिष्ठाताई होत्या. गाडी भंगारात जाणार म्हणून बहिणीची मागच्या सीटवरची उशी न्यायला आल्या होत्या. त्यांची पावलं ऐकली आणि मी कडी सरकवून शटर वर ढकललं. धुराचा लोट बाहेर आला. साहेब उंबऱ्यापाशीच पडले होते. डोळे उघडे. ताई किंचाळल्या, गुडघ्यांवर बसल्या, त्यांना हलवलं. काही उपयोग नव्हता.

मग त्यांनी मान वर केली. "रतन, तू कधी आलास?"

"आत्ताच, ताई. आवाज ऐकून धावलो. शटर अडकलं होतं... उघडतच नव्हतं."

माझ्या पाठीमागे इंजिन बंद पडलं.

ताईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

दुपारी पोलीस जबाबाला घेऊन गेले. गाडी त्यांची, नवी कोरी. मी मागे एकटाच. पुढचा हवालदार कागदावर लिहीत म्हणाला, "म्हणजे शटर जाम झालं होतं, असंच ना?"

"हो," मी म्हणालो.

भर रस्त्यात गाडी गप्प झाली. ड्रायव्हरने दोनदा बटण दाबलं आणि वैतागून म्हणाला, "च्यायला, कालच सर्व्हिसिंगहून आली यार."

मी खिडकीला टेकून बसलो होतो. मागच्या सीटवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. सीट मात्र माझ्या शेजारी हळूच दबली.