नाडीवरचा हात

बसमधून उतरताना माझा तोल गेला आणि खाली उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने हात पुढे केला. अशा वेळी शहाणी बाई हात धरते, सावरते, आभार मानून चालू लागते. मी त्याचं मनगट धरलं. तीन बोटं नाडीवर ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि चक्क मोजायला लागले.

लागोपाठ दोन ड्यूट्या करून आलेल्या नर्सलाच असला वेंधळेपणा जमतो.

"वाचेन ना मी?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"बोलू नका, मोजणं चुकतं," मी सवयीने दटावलं... आणि भानावर आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ठोके जरा जलद आहेत," एवढंच पुटपुटून मी हात सोडला.

"आत्ताच झालेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी आमच्याच वॉर्डात. यंत्रं दुरुस्त करायला नवा माणूस येणार हे माहीत होतं, तो हाच असेल असं कुठे वाटलं होतं. मी पडद्याआड लपले. त्याने पडदाच बाजूला केला.

"सिस्टर, सलाईनचा हा पंप कोण हाताळतं?"

"मी. का?"

"बॅटरी उतरली की बिचारा ओरडतो. तुम्ही त्याचं ओरडणं बंद करता आणि तसाच पुढच्या पेशंटकडे नेता. चार्जिंगला लावायचं नाव नाही."

"वेळ कुठे असतो?"

त्याने माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघितलं. "आणि तुम्ही ओरडलात की तुम्हाला कोण गप्प करतं?"

मीच करते, हे त्याला कसं सांगणार?

मग आमच्या वॉर्डातली यंत्रं रोज काही ना काही कुरकुर करू लागली. निदान तो तसं म्हणायचा. पंप उघडून बसायचा, मी जवळून गेले की हातातला स्क्रू हटकून पडायचा. मी उचलून द्यायचे. सुधारतच नव्हता मेला... आणि मलाही तो सुधारायला नको होता.

पण मी तर नोकरी सोडून निघाले होते. वहिनीने एका विमा कचेरीत नोकरी बघून ठेवली होती. बसून काम, रविवार मोकळा. "वन्सं, तुम्ही घरी नुसत्या झोपायला येता. तुमचा आवाज विसरलो आम्ही," ती म्हणायची. तिचं काय चुकलं होतं? आदल्याच आठवड्यात मी जेवताना ताटावर पेंगले होते. सोमवारी मोठ्या सिस्टरांना सांगून टाकायचं ठरवलं.

त्याला जिन्यात सांगितलं.

"काम आवडत नाही?"

"फार आवडतं. म्हणून तर कुणी 'माझी ड्यूटी करतेस का?' विचारलं की नाही म्हणवत नाही. आता अंगात त्राणच उरलं नाही."

त्याने 'थांबा' म्हणावं असं मला वाटत होतं. तो म्हणाला नाही. "तुम्ही ठरवाल ते ठीक. मी मात्र... सोमवारी संध्याकाळी बसस्टॉपवर उभा असेन."

सोमवारी मोठ्या सिस्टरांकडे निघाले, वाटेत सुतार आजोबांची खाट लागली. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मी रोज त्या मुठीत माझं बोट ठेवून म्हणायचे, "दाबा बघू." रोज काही व्हायचं नाही. त्या दिवशीही सवयीने बोट ठेवलं.

त्यांनी दाबलं. अगदी हलकं, पण दाबलं.

मी तिथेच रडायला लागले, हसायलाही लागले. आजोबांचे डोळे भरून आले होते. आणि मला लख्ख कळलं, मला काम सोडायचं नव्हतंच. मला झोप हवी होती.

"सोडायचं म्हणून आलीस ना?" माझा चेहरा बघून मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"नाही सिस्टर. माझी आठवड्याची सुट्टी मागायला आले. आणि यापुढे दुसऱ्याची ड्यूटी मी करणार नाही."

त्या बघतच राहिल्या. "अगं, तू कधी मागितलीच नाहीस. मला वाटलं, तुला नकोच आहे." त्यांनी लगेच पेन उचललं आणि माझी सुट्टी लावून टाकली. त्यांचे, आजोबांचे, माझ्यासाठी जीव टाकणाऱ्या वहिनीचे किती आभार मानू असं झालं मला.

आणि अजून एकाचे मानायचे होते.

तो बसस्टॉपवर होता. मला बघून पुढे आला, पण विचारायचा धीर होईना त्याला.

"राहिले," मीच सांगितलं. "ओरडणं ऐकलंत, त्याबद्दल... थँक यू."

त्याने हात पुढे केला. माझी बोटं सवयीने मनगटावर गेली... मग हळूच खाली घसरली, त्याच्या तळव्यात.

"आज मोजणार नाही?"

"ड्यूटी संपलीय माझी," मी म्हटलं, आणि हात सोडला नाही.